दहा लाख, सात जणी आणि एक रुपया

जळगाव-धुळ्याच्या बचत गटांसाठीच्या आपल्या गप्पांत आज व्याजदर नाही, कर्जाचे अर्ज नाहीत. आज एकच आकडा. हातातलं काम चालू द्या, पण जमलं तर कागद-पेन्सिल जवळ ठेवा.

बँकेचे दहा लाख सात जणींत सारखे वाटले, तर एकीला १,४२,८५७ रुपये येतात आणि एक रुपया उरतो. दोघींचे मिळून होतात २,८५,७१४. तिघींचे ४,२८,५७१. अंक तेच सहा, क्रमही तोच, फक्त सुरुवात दुसरीकडून. चौथी, पाचवी, सहावी आली तरी तसंच. सातवी आली की सगळे नऊ: ९,९९,९९९!

ही जादू नाही. एकला सातने भागत गेलो, पुढे शून्य जोडत राहिलो, की बाकी १, ३, २, ६, ४, ५ अशी येते आणि परत १ वर पोचते. मग तोच फेरा सुरू. दोनला भागलं, तर याच फेऱ्यात आपण मधूनच शिरतो.

भुसावळहून पॅसेंजर जायची ना, त्या देवळालीत द. रा. कापरेकर नावाचे शाळामास्तर होते. आकड्यांचं वेड, तेही पगारी प्राध्यापकी नसताना! ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, तिला त्यांनी ‘हर्षद’ म्हटलं. आपल्या आकड्यातल्या अंकांची बेरीज २७, आणि २७ ने भागलं की येतात बरोबर ५२९१. त्याचा वर्ग केला तर २०४०८१२२४४९. त्याचे दोन तुकडे करा, २०४०८ आणि १२२४४९. मिळवा. पुन्हा १४२८५७! अशा संख्यांना जगभर कापरेकर संख्याच म्हणतात.

आता वहीकडे येऊ. आमच्या एका गटात अशाच वाटपात बेरीज अठरा रुपयांनी जास्त येत होती. कोषाध्यक्ष सातवी शिकलेली. लगेच कुजबुज सुरू झाली. अठरा रुपयांसाठी बाईचं नाव खराब व्हायला आपल्याकडे एक सभा पुरते. आम्ही म्हटलं, थांबा, अठराला नऊने भाग जातो. शेजारचे दोन अंक उलटे पडले की फरक नेहमी नऊच्या पटीतच येतो. भाग गेला म्हणजे अदलाबदलच झाली असं नाही, पण आधी तिथे पाहावं. सातही पानं उघडली. एकावर १,४२,८७५ होते. मराठीत ‘सत्तावन्न’ म्हणताना सात आधी ऐकू येतो, पन्नास मागून. वाचून दाखवणारी एक, लिहिणारी दुसरी. सात आधी लिहिला गेला. पेटीतला पैसा न् पैसा जागेवर होता.

आता १,४२,८५७ ला आठने गुणा. उत्तर सात अंकी येईल. त्यातला पहिला एक उचला आणि उरलेल्या संख्येत मिळवा. काय आलं ते पुढच्या सभेत सांगा.