दही वाळवून बिस्किटात

(आचरा येथे स्वयंसेवक व बचत गटातील भगिनींच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मघाशी मी दह्याच्या पावडरीचं नाव काढलं तशी पुढे बसलेल्या एका आजींनी विचारलं, "दह्याचा पीठ? ता खय मिळता?" आजी, ते तुमच्याच घरात आहे. सांडगी मिरची आपण दह्यात घोळवून वाळवतो. तिला जो पांढरा आंबट थर धरतो, ते वाळलेलं दहीच. लेबनॉनकडे गव्हाच्या भरड्यात दही कालवून वाळवतात, त्याला किश्क म्हणतात. म्हणजे यात नवीन काही नाही. आपल्याला ते फक्त मिरचीवरून पोरांच्या बिस्किटात आणायचं आहे.

बिस्किटातच का? दिवाळी झाली की कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या कामावर जातात. पोरं बरोबर जातात, अंगणवाडी मागे राहते. आदिवासी भागासाठी २०१५ साली अमृत आहार योजना सुरू झाली, पण ती अनुसूचित क्षेत्रासाठी. आपला सिंधुदुर्ग त्यात नाही. भट्टीवर ना गाय, ना फ्रीज. भुकेलं पोर रडलं की आई टपरीवरचा पाच रुपयांचा पुडा हातात देते. तिला दोष देण्यात अर्थ नाही. पुडा टिकतो, शिजवावा लागत नाही. मग तो पुडाच आपण चांगला करून तिच्या गाठोड्यात का घालू नये?

आता हिशेब. शंभर ग्रॅम दह्यात प्रथिनं तीन ग्रॅमच्या आसपास, बाकी बहुतेक पाणी. पाणी गेलं की उरते ती ताकद. साय काढलेल्या दुधाच्या दह्याची पावडर घेतली तर शंभर ग्रॅममध्ये प्रथिनं पस्तीसच्या घरात जातात. अर्धी कणीक, अर्धी नाचणी अशा किलोभर पिठातलं शंभर ग्रॅम काढून तिथे ही पावडर घाला, प्रथिनं साधारण पावपट वाढतात. शिवाय गहू-नाचणीत लायसीन नावाचा घटक कमी, तो दह्यात भरपूर. कॅल्शियम तर नाचणीतच शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास आहे.

घरी करायचं तर साय काढलेल्या दुधाचंच दही लावा. स्निग्धांश राहिला तर पावडर खवट होते. दही बांधून चक्का करा, पण खाली गळलेलं पाणी ओतून देऊ नका. कॅल्शियमचा बराच भाग त्या पाण्यात उतरतो. त्यातच पीठ मळा. चक्का ताटात पातळ पसरून वर स्वच्छ पातळ कापड बांधा, कडक उन्हात कडकडीत वाळवा, कुटा, चाळा. हे काम हिवाळा-उन्हाळ्यातलं. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर पापडसुद्धा वाळत नाही, तिथे दही काय वाळणार! तेव्हा बाजारची साय काढलेल्या दुधाची पावडर वापरा आणि आंबटपणासाठी पीठ ताकात मळा. मला तर हा मार्ग बाराही महिने सोयीचा वाटतो. वाळवणावरच्या माश्या आणि धूळ हाकलत बसावं लागत नाही.

भट्टीवाल्याला दोन गोष्टी आधी सांगून ठेवा. दह्याची आंबट चव खायच्या सोड्याला फुलवते, म्हणून बेकिंग पावडर कमी लागते. आणि दुधातल्या साखरेमुळे ही बिस्किटं लवकर लाल होतात, तेव्हा आच नेहमीपेक्षा मंद हवी. करपलेलं बिस्कीट नुसतं कडू लागत नाही, आपण ज्यासाठी खटपट केली ते लायसीनही त्यात जळून जातं.

काही जण सांगतात की दह्यातले जिवंत जंतू पोटाला चांगले. खरं आहे, पण ते भट्टीत मरतात. ताज्या दह्याचा तो गुण बिस्किटात येत नाही, आणि आपण तसं सांगून विकायचंही नाही. दह्यात लोहही फारसं नसतं. पंडुरोग असलेल्या आईला बिस्किटावर सोडू नका. तिला आरोग्य केंद्रात न्या, तिच्या ताटात पालेभाजी, सुकट पडू दे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही नको. त्यापुढच्या लहानग्याला बिस्कीट उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजवून, मऊ कालवून द्या. सुकं दिलं तर घशात अडकतं.

मागच्या बाकावर दोन डबे ठेवले आहेत, एक दह्याच्या पावडरीचा, एक साधा. कोणता कुठला ते झाकणावर लिहिलेलं नाही. आधी पोरांना चाखू द्या, त्यांनी कुठला डबा रिकामा केला ते मला सांगा, मग भट्टीवाल्याकडे जाऊ.