समता : माझी राजकीय श्रद्धा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवात मला दोन शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. विषय माझ्यावरच सोपविण्यात आला, तेव्हा जन्मभर उराशी बाळगलेली एक राजकीय श्रद्धा आपल्यासमोर मांडावी असे ठरविले. ‘राजकीय’ या शब्दाने कोणी बिचकू नये. मी कोणत्याही पक्षाचा सभासद नाही. निवृत्त शिक्षक आहे. माझी श्रद्धा एवढीच, की माणूस कोणत्याही जातीत वा धर्मात जन्मलेला असो, स्त्री असो वा पुरुष, त्याचा समाजातील आणि कायद्यातील दर्जा सारखाच असला पाहिजे. आणि तो त्याला कोणाच्या कृपेने नव्हे, हक्काने मिळाला पाहिजे.

ही श्रद्धा मला ग्रंथांतून लाभली नाही. १९६२ सालच्या सार्वत्रिक निवडणुकीचा दिवस मला आठवतो. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. आमच्या शाळेत मतदान होते आणि ओसरीवर रांग लागली होती. त्या रांगेत माझे वडील उभे होते आणि त्यांच्या पुढे माझ्या वर्गमित्राचे वडील. ते गावकुसाबाहेरच्या वस्तीत राहत. दोघांनी मत दिले, दोघांच्या बोटांना शाई लागली. दुपारी तेच गृहस्थ आमच्या दुकानात मीठ-मिरची न्यायला आले आणि त्यांनी पाणी मागितले. वडिलांनी मला खुणावले. मी तांब्या घेऊन पायरीवर उभा राहिलो आणि नित्याच्या रिवाजाप्रमाणे वरून त्यांच्या ओंजळीत पाण्याची धार धरली. त्या ओंजळीतल्या बोटावर सकाळची शाई होती. तशीच शाई गल्ल्यावर बसलेल्या माझ्या वडिलांच्या बोटावरही होती.

माझे वडील दुष्ट नव्हते. ते रोज जिनदर्शन घेत, सूर्यास्तापूर्वी जेवत, मुंग्यांना साखर घालीत. त्या गृहस्थांना त्यांनी उधारी कधी नाकारली नाही. दया त्यांच्या ठायी पुष्कळ होती. पण दया करणारा पायरीवर उभा असतो आणि घेणारा खाली. समतेत दोघांना एकाच पायरीवर यावे लागते. हा भेद उमगायला मला पुढे अनेक वर्षे लागली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत हाच धोका बोलून दाखविला होता. राजकारणात एका माणसाला एक मत मिळेल, परंतु सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता कायम राहील. हा विरोध फार काळ टिकू दिला तर लोकशाहीच संकटात येईल, असा त्यांचा इशारा होता. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. तो अनुच्छेद लागू होऊन बारा वर्षे झाली होती, तरी माझ्या हातातला तांब्या खाली आला नव्हता.

आपल्या धर्माला हा विचार परका आहे काय? समवसरणाची रचना आठवावी. तेथे बारा कोठे असतात आणि मनुष्यांच्या कोठ्यात चक्रवर्ती व सामान्य माणूस एकत्रच बसतात. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त आठ मद सांगितले, त्यांत कुलमद आणि जातिमदही आहेत. त्याच ग्रंथात अहिंसाणुव्रताचे उदाहरण म्हणून त्यांनी एका मातंगाचे स्मरण केले आहे. तो यमपाल चांडाल. चतुर्दशीला वध करणार नाही, या व्रतासाठी त्याने राजाज्ञा मोडली. आपण ही कथा मुलांना सांगतो. पण आज यमपाल आपल्या दारी आला तर त्याला कोठे बसवू, हा प्रश्न स्वतःला विचारीत नाही.

हा प्रश्न आपल्याच समाजातील एका विद्यार्थ्याने शतकापूर्वी विचारला होता. कुंभोजला १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात शिकत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, म्हणून परतल्यावर त्यांना स्नान करून शुद्ध होण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. त्याच भाऊरावांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात असे वसतिगृह उभारले, की जेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत व एका पंक्तीत जेवत. त्या मुलांसाठी सौ. लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. आज आपण कर्मवीरांना अभिमानाने ‘आपले’ म्हणतो. तसे म्हणताना त्या दिवशी दार कोणी बंद केले, हेही आपण विसरू नये.

आता एक विनंती. आपली अभ्यासिका पन्नास वर्षे उत्तम चालली, याचे श्रेय दात्यांना आहे. परंतु तिचे सभासदत्व केवळ आपल्या समाजातील मुलांना मिळते. तेथे रोज कितीतरी खुर्च्या रिकाम्या असतात आणि गावातील इतर मुले बसस्थानकाच्या दिव्याखाली स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. सुवर्णमहोत्सवी वर्षात ही अभ्यासिका गावातील प्रत्येक विद्यार्थ्याला, एकाच अर्जावर आणि एकाच शुल्कात खुली करावी.

‘आपण अल्पसंख्य, आपल्यातही गरीब आहेत, त्यांचे काय?’ असे काहीजण म्हणतील. शंका रास्त आहे. आपल्या गरजू मुलांची शिष्यवृत्ती जरूर चालू ठेवावी. मात्र २०१४ साली राष्ट्रीय पातळीवर आपल्याला अल्पसंख्य म्हणून जी मान्यता मिळाली, तिचा आधार समतेचेच संविधान आहे. ज्या छत्राखाली आपण सुरक्षित आहोत, त्याखाली दुसऱ्यालाही तितकीच जागा आहे.

ज्यांच्या ओंजळीत मी पाणी ओतले, ते गृहस्थ आता हयात नाहीत. त्यांची क्षमा मागण्याचे राहून गेले. त्यांची नातवंडे याच गावात शिकत आहेत. त्यांना आपल्या अभ्यासिकेत शेजारची खुर्ची मिळाली, तर माझ्या हातातला तांब्या खाली आला असे मी समजेन.

माझ्या बोलण्याने कोणाचे मन दुखावले असेल तर मन-वचन-कायेने क्षमा मागतो. जय जिनेंद्र!