‘सयाजीराव’ : एका मराठी नावाची घोडदौड

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत, इतिहास हे विषय शोभून दिसतात. अशा ठिकाणी आम्ही शर्यतीचा घोडा आणून उभा करीत आहोत, याचे कोणास नवल वाटले तर ते स्वाभाविक आहे. परंतु या घोड्याचे नाव ‘सयाजीराव’ असे होते. सप्टेंबर १९४७ मध्ये, म्हणजे भारत स्वतंत्र झाल्यावर अवघ्या काही आठवड्यांनी, यॉर्कशायरमधील डोंकास्टरच्या मैदानावर सेंट लेजर ही मानाची शर्यत या नावाने जिंकली. ते नाव तेथे कसे पोहोचले, कोणत्या मोलाने पोहोचले आणि घोड्याने त्याचे सार्थक केले की नाही, एवढेच आज निवेदन करावयाचे आहे.

प्रथम दोन शब्द ‘थरोब्रेड’ या जातीविषयी. सरकारी नोकराचे जसे सेवापुस्तक, तशी या घोड्यांची वंशनोंद. इंग्लंडमध्ये ‘जनरल स्टड बुक’ या नावाने ती १७९१ पासून ठेवली जात आहे. आई कोण, बाप कोण, हे तीत नोंदलेले नसेल तर घोडा कितीही वेगवान असो, त्याला या शर्यतींत प्रवेश नाही. त्यातही ‘क्लासिक’ म्हटल्या जाणाऱ्या पाच शर्यती केवळ तीन वर्षे वयाच्या घोड्यांसाठी असतात. ती संधी जन्मात एकदाच येते. हुकली ती हुकलीच. पाचांमध्ये सर्वांत जुनी आणि सर्वांत लांब पल्ल्याची शर्यत सेंट लेजर. ती १७७६ मध्ये सुरू झाली आणि तिचा पल्ला पावणेदोन मैलांहून थोडा अधिक आहे. तेथे नुसता वेग पुरत नाही, दम लागतो.

आमच्या कथानायकाचा जन्म १९४४ चा. बाप ‘निअर्को’. इटलीतील फेदेरीको तेसिओ या विख्यात पैदासकाराचा हा घोडा चौदा शर्यतींत उतरला आणि चौदाही जिंकला. १९३८ मध्ये तो साठ हजार पौंडांना इंग्लंडमध्ये विकला गेला, आणि महायुद्धात बाँब पडू लागले तेव्हा त्याच्यासाठी न्यूमार्केट येथे खास आश्रयखंदक खणण्यात आला होता. आई ‘रोझी लेजेंड’ ही फ्रान्समध्ये जन्मलेली घोडी. तिचे मालक सर एरिक ओल्सन.

याच जोडप्याचा आधीचा पुत्र ‘दान्ते’. तो वर्षाचा असताना लिलावात उभा केला होता. परंतु मालकाला अपेक्षित किंमत आली नाही, म्हणून तो घरीच राहिला. त्याच दान्तेने १९४५ ची डर्बी जिंकली. पुढे त्याची दृष्टी अधू होत गेली आणि त्या वर्षीच्या सेंट लेजरमध्ये त्याला उतरता आले नाही. घराण्याचे एक काम असे अपुरे राहिले.

थोरल्याने डर्बी जिंकताच धाकट्याचे भाग्य पालटले. १९४५ च्या लिलावात एक वर्षाच्या त्या शिंगराला अठ्ठावीस हजार गिनींची किंमत आली. इंग्लंडमध्ये एवढ्या लहान वयाच्या घोड्यास तोवर इतकी किंमत कधीच मिळाली नव्हती. खरेदीदार होते बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, आणि त्या काळच्या दराने पौंडाचे तेरा रुपये पाच आणे धरले, तर ही रक्कम सुमारे तीन लक्ष ब्याण्णव हजार रुपये होते. एकाही शर्यतीत न धावलेल्या शिंगराची ही किंमत! थोरल्या भावाला कोणी घेईना आणि धाकट्यासाठी तिजोरी रिकामी होते. आणि दोघांचे रक्त तर एकच. लिलावात मोल होते ते कीर्तीचे. पाय अजून कोणी पाहिलेलेच नव्हते.

महाराजांनी घोड्याला आपल्या आजोबांचे नाव दिले. येथे क्षणभर थांबले पाहिजे, कारण ते नाव लहान नव्हे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातील गोपाळ नावाचा मुलगा १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. तो दूरच्या शाखेतला का होईना, पण गायकवाड होता, म्हणून निवडला गेला. मात्र पुढची कीर्ती रक्ताने आयती दिली नाही. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेलीत करणारे आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानात नेणारे, गावोगाव वाचनालये उघडणारे, तरुण भीमराव आंबेडकरांना अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती देणारे आणि १९३२ मध्ये कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारे सयाजीराव महाराज घडले ते अभ्यासाने व कष्टाने. वंशाने दार उघडले. आतली वाट त्यांनी स्वतः चालली.

घोड्यालाही तीच वाट चालावी लागली. तो न्यूमार्केटच्या वॉरविक हाउस तबेल्यात सॅम आर्मस्ट्राँग यांच्या हाताखाली तयार झाला. त्याचा जॉकी एडगर ब्रिट हा मूळचा ऑस्ट्रेलियन. त्याने भारतातील मैदानांवरही पुष्कळ घोडे धाववले होते. १९४७ च्या वसंतात एक मैलाच्या ‘टू थाउजंड गिनीज’ शर्यतीत सयाजीराव तिसरा आला. ‘ट्यूडर मिन्स्ट्रेल’ या विलक्षण वेगवान घोड्याने ती आठ लांबींनी जिंकली होती. पुढे लिंगफील्डची डर्बी चाचणी सयाजीरावाने जिंकली आणि तो एप्समच्या डर्बीत उतरला. सर्वांची भिस्त ट्यूडर मिन्स्ट्रेलवर होती. परंतु दीड मैल त्याला झेपले नाहीत आणि तो चौथा आला. फ्रान्सचा ‘पर्ल डायव्हर’ पहिला, आगाखानांचा ‘मिगोली’ दुसरा आणि सयाजीराव पुन्हा तिसरा.

दोन क्लासिक शर्यती आणि दोन्हींत तिसरा. अठ्ठावीस हजार गिनींच्या घोड्याला जगाने हसावे असाच हा मामला होता. परंतु पल्ला वाढत गेला तसतसा हा घोडा खुलत गेला. कर्राच्या मैदानावर त्याने आयरिश डर्बी जिंकली. मग सप्टेंबरात डोंकास्टर. शेवटच्या टप्प्यात फ्रान्सचा ‘आर्बार’ त्याच्याशी झुंजला. केवळ डोक्याएवढ्या अंतराने सयाजीराव जिंकला. डर्बीत त्याच्यापुढे गेलेला मिगोली तिसरा राहिला. थोरल्या भावाला जी शर्यत धावताही आली नाही, ती धाकट्याने जिंकली. पुढच्या वर्षी रॉयल अ‍ॅस्कट येथील हार्डविक स्टेक्सही त्याने पटकावली आणि १९४८ मध्ये मैदानाचा निरोप घेतला.

त्यानंतर आरंभ झाला दुसऱ्या कारकीर्दीचा, म्हणजे पैदाशीचा. येथे घोड्याची परीक्षा त्याच्या मुलांच्या पायांनी होते. त्याची कन्या ‘ग्लॅडनेस’ हिने १९५८ मध्ये अडीच मैलांचा अ‍ॅस्कट गोल्ड कप आणि गुडवुड कप जिंकले. दुसरी कन्या ‘लिन्क्रिस’ १९६० च्या आयरिश ओक्सची विजेती. पुत्र ‘इंडियाना’ याने १९६४ मध्ये सेंट लेजर जिंकली. बापाच्या विजयानंतर सतरा वर्षांनी तीच शर्यत, तेच मैदान. ‘आय से’ हा दुसरा पुत्र १९६५ च्या डर्बीत बापाप्रमाणेच तिसरा आला आणि पुढच्या वर्षी कॉरोनेशन कप घेऊन गेला. बापाचा दम मुलांत उतरला होता.

मात्र काळ वेगाकडे झुकत गेला. निअर्कोच्या ‘नसरुल्ला’ आणि ‘निअर्क्टिक’ या पुत्रांचा वंश जगभर पसरला; सयाजीरावाच्या पुत्रांकडून तसा विस्तार झाला नाही. त्याचे रक्त पुढे गेले ते लेकींकडून. १९६६ मध्ये त्याचा अंत झाला. त्याच वर्षी ग्लॅडनेसची मुलगी ‘मेरी मेट’ आयरिश ओक्स जिंकली. नावे मुलांच्या वंशात शोधावीत आणि गुण लेकींच्या घरी सापडावेत, हे केवळ घोड्यांतच घडते असे नाही.

आता हिशेब. संस्थानाच्या ऐश्वर्यातून घोड्यावर उधळलेला पैसा कोणाच्या घामाचा होता, हा प्रश्न टाळता येणार नाही. ज्या नावाने शाळा उघडल्या, तेच नाव उधळपट्टीच्या विक्रमाला चिकटले. १९४९ मध्ये बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५१ मध्ये भारत सरकारने प्रतापसिंहरावांना पदच्युत केले. त्या खरेदीचा अभिमान बाळगावा असे आम्हांस वाटत नाही. परंतु घोड्याला किमतीची खबर नव्हती आणि नावाचीही नव्हती. दोनदा तिसरा येऊनही तो तिसऱ्यांदा छाती काढून धावला, आणि त्या नावाला त्याने कमीपणा आणला नाही. अभिमान वाटावा तो या धावेचा.

आपण घरापासून दूर येऊन राहिलो. मुलांना आपण नावे देतो, आडनावे देतो, कुळाच्या कथा सांगतो; ते आवश्यकच आहे. पण वंशावळ ही एक हुंडी आहे. ती वटवावयाची तर प्रत्येक पिढीने स्वतःच धावले पाहिजे. मंडळाची पन्नास वर्षे थोरल्यांनी धावून पुरी केली. पुढचा पल्ला लांब आहे, आणि लांब पल्ल्यालाच दम कळतो.