रेषेपासून वस्तूपर्यंत : संगणकातील भूमितीची ओळख
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



आजच्या विषयाचे नाव ऐकून काही पालकांच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. परंतु हा विषय आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या घराघरांत रोज वावरतो, फक्त त्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते. तेवढेच सांगायला मी उभा आहे.

दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ मला भेटायला आले. उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात ते कटिंग मास्तर. मुलगी दहावी झालेली. म्हणाले, "सर, पोरगी संगणक शिकायचे म्हणते. टायपिंगच ना ते? आणि आमच्या घराण्यात गणित कुणालाच आले नाही. शिवणाच्या क्लासला घालावी म्हणतो." त्यांना काय उत्तर दिले ते शेवटी सांगतो.

प्रथम एक काडेपेटी डोळ्यांसमोर आणा. अंबरनाथला एकेकाळी विमकोचा काडेपेट्यांचा कारखाना होता, म्हणून ही वस्तू आपल्या चांगल्या ओळखीची. संगणकाला डोळे नाहीत, त्याला फक्त आकडे समजतात. मग काडेपेटी त्याला कशी समजावून सांगायची? प्रत्येक कोपऱ्याला लांबी, रुंदी आणि उंची असे तीन आकडे द्यायचे. कोपरे ८. कोणता कोपरा कोणाशी जोडायचा ते सांगायचे, म्हणजे १२ कडा झाल्या. कोणत्या कडांनी कोणती बाजू बनते ते सांगायचे, म्हणजे ६ पृष्ठे झाली. आता ८ मधून १२ वजा करा आणि ६ मिळवा. उत्तर २ येते. आरपार भोक नसलेल्या कोणत्याही सपाट बाजूंच्या साध्या घनाकृतीला हा हिशेब लागू पडतो. ऑयलरचे हे सूत्र अठराव्या शतकातले आहे. आजही, एखादी बाजू द्यायची राहून तर गेली नाही ना, हे संगणक याच जातीच्या हिशेबाने तपासतो. वस्तूचे असे आकड्यांत केलेले वर्णन म्हणजेच भौमितिक प्रतिमान होय.

येथे एक अडचण येते. नुसत्या कडा दिल्या तर तारेचा सांगाडा तयार होतो. त्यात आत काय आणि बाहेर काय, हे कळत नाही. बाजू दिल्या तर कवच मिळते. परंतु कारखान्यात वस्तूचे वजन काढावे लागते, भोक पाडावे लागते. त्यासाठी संगणकाला भरीव वस्तू कळली पाहिजे. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या कोणालाही नट कसा असतो ते विचारा. षटकोनी ठोकळा घ्या आणि त्यातून गोल दांडा वजा करा. उरला तो नट, आटे तेवढे राहिले. बेरीज, वजाबाकी आणि दोहोंतला सामायिक भाग, एवढ्या तीन क्रियांनी यंत्राचे असंख्य भाग संगणकात घडवता येतात. १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये केंब्रिजला ब्रेड यांनी आणि अमेरिकेत रॉचेस्टरला व्होल्कर व रेकिशा यांनी भरीव वस्तूंच्या या शास्त्राचा पाया घातला.

आता वक्र रेषेकडे वळू. शर्टाचा मुंढा किंवा पँटीचे आसन कापताना मास्तर खडूने जी गोलाई काढतात, ती वर्तुळाची नसते. तिला आकड्यांत कसे बसवायचे? हाच प्रश्न मोटारींच्या पत्र्यापुढे होता. फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीत द कास्तेल्जो यांनी १९५९ साली त्यावर एक युक्ती काढली. पुढे १९६० च्या दशकात रेनॉ कंपनीत बेझिए यांनी अशाच वक्रांवर काम केले आणि वक्राला नाव पडले ते बेझिएंचे.

मुलांनो, आज घरी आलेखाच्या कागदावर हे करून पाहा. (०,०), (४,८) आणि (८,०) असे तीन बिंदू घ्या. पहिल्या दोहोंचा मध्य (२,४), पुढच्या दोहोंचा मध्य (६,४). या दोन मध्यांचा पुन्हा मध्य काढा. तो येतो (४,४). हा बिंदू वक्रावरचा. मध्याऐवजी एकचतुर्थांश, तीनचतुर्थांश अशा अंतरांवर हेच करत गेलात की सुरेख कमान उमटते. मधला बिंदू वर ओढला की कमान फुगते, खाली ओढला की बसते. विंडोजबरोबर आलेल्या 'मंगल' या देवनागरी टंकाची अक्षरे आपल्या महाराष्ट्राचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखाटली. त्या अक्षरांची वळणेही संगणकात अशाच तीन-तीन बिंदूंच्या कमानींनी साठवलेली असतात.

आकृती फिरवणे हीदेखील महत्त्वाची क्रिया. (४,१) हा बिंदू काटकोनातून डावीकडे फिरवला की (−१,४) होतो. इतर कोनांसाठी दहावीतले साइन आणि कोसाइन लागतात. अंबरनाथचे शिवमंदिर इसवी सन १०६० चे, भूमिज शैलीचे. या शैलीतल्या अनेक देवळांचा तळ चौरस मध्याभोवती फिरवत नेऊन आखलेला असतो. विजापूरचा गोल घुमट १६५६ च्या सुमाराचा. सुमारे ४४ मीटर व्यासाचा तो घुमट चौकोनी दालनावर बसवताना, एकमेकांवर फिरवलेल्या दोन चौरसांतून निघालेल्या कमानींचा आधार घेतला आहे. दोन काळ, दोन राजवटी, परंतु कारागिरांची भूमिती एकच.

दोन वक्र किंवा दोन पृष्ठे एकमेकांना कोठे छेदतात, हा या शास्त्रातला सर्वांत चिवट प्रश्न. अकराव्या शतकात उमर खय्याम यांनी त्रिघाती समीकरणे सोडवली ती शंकुच्छेदांचे छेदनबिंदू शोधून, म्हणजे अवघड समीकरणाला आकृतीने उत्तर दिले. संगणकाला उलट प्रवास करावा लागतो. आकृती छेदण्यासाठी तो समीकरणे सोडवतो. आपले संशोधक एस. पी. मुदुर आणि पी. ए. कोपरकर यांनी १९८४ साली यासाठी अंतरालांची पद्धत मांडली. पृष्ठाचा तुकडा किती ते किती जागेत मावतो, एवढे आधी पाहायचे. दोन तुकड्यांच्या जागा एकमेकींना शिवतच नसतील तर ते छेदणे शक्य नाही, ते सोडून द्यायचे. शिवत असतील तर तुकडे आणखी लहान करून पुन्हा पाहायचे. हरवलेली सुई शोधताना आपणही खोलीचे कोपरे असेच एकेक करून बाद करतो.

आता त्या कटिंग मास्तरांकडे येतो. मी त्यांना म्हटले, "मास्तर, सपाट कापडातून गोल अंगाला बसणारी पँट तुम्ही काढता. पुढचा आणि मागचा भाग जोडायच्या कडेला सारखा भरतो की नाही, हे खडू उचलण्यापूर्वी तुम्हाला दिसते. याला गणित नाही तर काय म्हणतात? मुलीला शिकू द्या." त्यांनी मुलीला पदविकेला घातले. मागच्या वर्षी ती मुलगी मला भेटली आणि तिने सांगितलेली गोष्ट मी विसरू शकत नाही. तिने संगणकावर जीन्सचा फर्मा आखला. सगळ्या कडा जुळल्या, वक्र बिनचूक आले. कौतुकाने तिने तो अब्बांना दाखवला. त्यांनी पडद्याकडे पाहिले आणि विचारले, "बेटी, माया कुठे आहे?" शिलाईसाठी कडेला जास्तीचे कापड सोडायचे असते, ते ती विसरली होती. तो फर्मा तसाच कापला असता तर सारा माल तंग झाला असता.

बंधू-भगिनींनो, संगणक वापरणे मुलगी शिकेल. माया सोडायची असते, हे बापाला ठाऊक आहे. ही दोन ज्ञाने एका घरात, एका टेबलाशी बसली पाहिजेत. फिटर, सुतार, खरादी, शिंपी यांच्या मुलांनी "आमच्या घरात गणित नाही" असे पुन्हा म्हणू नये. आणि पालकांनी दहावीनंतर मुलीचे नाव काढण्यापूर्वी एकदा तिच्या वहीतील भूमिती पाहावी.

विद्यार्थ्यांना एकच विनंती. फ्रीकॅड आणि ब्लेंडर या प्रणाली विनामूल्य मिळतात. शाळेच्या संगणकावर शिक्षकांच्या मदतीने पहिला नट घडवा. आणि तो घडवण्यापूर्वी ओळखीच्या एखाद्या फिटरकडून खरा नट मागून घ्या, हातात धरा, मोजा. ज्याने तो दिला त्याला पडद्यावरचा नट दाखवून चूक काढायला सांगा. पहिला धडा तेथेच मिळेल.