हिशेब न मिटलेले चित्रपट

(कामगार वस्तीतील एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



चित्रपटाचा विषय निघाला की आपल्या पुरोगामी मंडळींच्या कपाळावर एक सूक्ष्म आठी उमटते. भाववाढ, बेकारी, शेतमालाचे भाव असे विषय समोर असताना व्यासपीठावर सिनेमा कशाला, असा त्या आठीचा अर्थ असतो. वास्तविक ज्या देशात कोट्यवधी माणसांना वर्तमानपत्र वाचता येण्यापूर्वी सिनेमा कळू लागला, त्या देशातील लोकांच्या मनात न्याय-अन्यायाच्या कोणत्या कल्पना घर करून बसल्या आहेत हे शोधायचे, तर चित्रगृहाच्या दारात काही काळ उभे राहण्यास पर्याय नाही. म्हणून आज दोन मित्रांच्या एका जुन्या वादाची हकिगत ऐकविण्याचे योजले आहे.

दोघेही कोकणातले, एकाच तालुक्यातले. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी दोघे गिरणगावातल्या एकाच रात्रशाळेत एका बाकावर बसत. एक पुढे शिकून शिक्षक झाला. गणित शिकवून तो निवृत्त झाला आणि सारी चाळ त्याला मास्तर म्हणू लागली. दुसरा परळ भागातल्या एका गिरणीत साचाखात्यात बदली कामगार म्हणून लागला, काही वर्षांनी कायम झाला आणि १९८२ च्या संपात बाहेर पडला तो पुन्हा आत गेलाच नाही. आता दोघांनी ऐंशी ओलांडली आहे. संध्याकाळी चाळीच्या कठड्याशी खुर्च्या टाकून बसावे आणि भांडावे, हा त्यांचा नित्यक्रम आहे. भांडणाचा विषय बहुधा राजकारण असतो. पण एकदा मास्तरांच्या नातवाने सहज विचारले की आजोबा, तुम्हांला कधीच न विसरलेला सिनेमा कोणता? तेव्हापासून हा नवाच वाद उभा राहिला आणि तो कित्येक आठवडे चालला.

मास्तरांचे उत्तर तयार होते : प्रभातचा 'संत तुकाराम'. दामले आणि फत्तेलाल या दोन मित्रांनी १९३६ साली दिग्दर्शित केलेला हा बोलपट मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात वर्षभराहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, हे आपण सर्व जाणतोच. एक हिंदू आणि एक मुसलमान असे दोन कारागीर वारकऱ्यांच्या लाडक्या संताचे चित्र रंगवितात आणि महाराष्ट्र ते शिरोधार्य मानतो, ही गोष्ट आजच्या दिवसांत मुद्दाम आठवावी अशी आहे. पण मास्तरांचे म्हणणे वेगळे होते. त्यांना तुकोबांचे विमान आठवत नाही. त्यांना आठवते ती गौरी या अभिनेत्रीने साकारलेली जिजाई. मूल आजारी आहे, घरात दाणा नाही, आणि नवरा देवाच्या नादी लागलेला. अशा वेळी ती बाई पायातली वहाण हातात घेऊन देवालाच जाब विचारायला देवळात शिरते. "संसार ज्याला करायचा असतो त्याचा देवाशी हिशेब कसा असतो, ते तिथे एका क्षणात कळतं," असे मास्तर सांगत. त्यांचा सिद्धांत असा की चित्रपट अविस्मरणीय होतो तो त्यातल्या एखाद्या खऱ्याखुऱ्या माणसामुळे. कथा विसरते, गाणी विसरतात, पण ते माणूस आपल्या नात्यातले होऊन बसते.

साचेवाल्या मित्राचे उत्तर होते बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन'. १९५३ चा चित्रपट. हा चित्रपट त्याने प्रथम पाहिला तो एका गणेशोत्सवात, रस्त्यावर बांधलेल्या पांढऱ्या कापडाच्या पडद्यावर. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना सांगायला नको की असा सिनेमा पडद्याच्या दोन्ही बाजूंनी पाहिला जाई. पुढे जागा संपली की लोक मागे बसत आणि त्यांना सारे उलटे दिसे, अक्षरेही उलटी. मास्तर त्या रात्री आरतीपासून पुढच्या सतरंजीवर बसलेले. मित्र दुसरी पाळी सुटून आला तेव्हा निम्मा सिनेमा संपलेला, आणि बसायला मिळाले ते पडद्याच्या मागे. त्यामुळे त्याने पाहिला तो फक्त उत्तरार्ध : एक माणूस कलकत्त्याच्या रस्त्यावर हातरिक्षा ओढत धावतो आहे, गिऱ्हाईक जास्त पैशाची लालूच दाखवून आणखी वेगाने पळायला सांगते आहे, आणि रिक्षाचे चाक निखळते. हा कोण, इथे का आला, कशासाठी एवढा धावतो, यांतले काहीच त्याला ठाऊक नव्हते. ते कळले पुढे काही महिन्यांनी, मॅटिनीला. कार्य आधी पाहिले आणि कारण नंतर समजले.

आता या कारणाचा थोडा विस्तार केला पाहिजे, कारण अर्थशास्त्राच्या वर्गात जे वर्षभर सांगूनही कळत नाही ते या चित्रपटाने पहिल्या काही मिनिटांत सांगितले आहे. शंभू महतोची जमीन दोन बिघे. जमीनदाराला तिथे गिरणी काढायची आहे आणि हा तुकडा नेमका मधे येतो. शंभू विकायला तयार नाही, म्हणून जमीनदार कर्ज फेडायला सांगतो. शंभूच्या समजुतीने देणे ६५ रुपयांचे. तो घरातले किडुकमिडुक, बायकोच्या कानातलेसुद्धा विकून पैसे जमवितो, आणि पैसे घेऊन गेल्यावर त्याला सांगितले जाते की देणे २३५ रुपयांचे आहे. कागद बनावट असतो. पण तो कागद असतो, आणि शंभूला वाचता येत नाही. कोर्ट त्याला तीन महिन्यांची मुदत देते. मास्तरांनी गणिती सवयीने हिशेब केला : मूळ समजुतीच्या साडेतीनपटीहून अधिक, आणि १७० रुपयांचा फरक. या १७० रुपयांसाठी एक शेतकरी माणसे ओढणारे जनावर बनतो. इथे व्याजाचा दर काय, हा प्रश्नच गैरलागू आहे. कारण हे व्याज नव्हेच. साक्षर माणसाने निरक्षर माणसावर बसविलेला हा कर आहे. गंमत अशी की याच १९५३ साली पश्चिम बंगालमध्ये जमीनदारी संपुष्टात आणणारा कायदा झाला. कायदा जमीनदाराला हटवीत होता आणि चित्रपट दाखवीत होता की जमीनदार हटण्यापूर्वीच कारखानदार होऊ पाहतो आहे. कोणता दस्तऐवज अधिक दूरचे पाहणारा होता, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मास्तरांनी पहिला आक्षेप घेतला तो सोपा होता. दुःख दाखविले म्हणून चित्रपट मोठा होतो काय? तसे असते तर गिरगावापासून दादरपर्यंतच्या चित्रगृहांत रुमाल ओले करणारे शेकडो सिनेमे आज कोणाला का आठवत नाहीत? यावर साचेवाल्याने दिलेले उत्तर मासलेवाईक आहे. तो म्हणाला, "अरे मास्तर, ते सिनेमे तिकिटाचे पैसे तिथंच फेडतात. रडवतात, शेवटी खलनायकाला मार बसतो, आपण मोकळे होऊन भजी खायला जातो. ह्या सिनेमानं माझे पैसे कधी फेडलेच नाहीत. बाकी राहिली ती राहिलीच."

बिमल रॉय यांच्यासमोर इटलीचा आदर्श होता, हे प्रसिद्धच आहे. १९५२ साली मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला आणि त्यात डी सिका यांचा १९४८ चा 'बायसिकल थीव्ह्ज' दाखविला गेला. त्याचीही गोष्ट हिशेबाचीच. बेकार माणसाला भिंतीवर जाहिराती चिकटविण्याचे काम मिळते, पण अट सायकलची. सायकल गहाण पडलेली. ती सोडविण्यासाठी बायको अंथरुणातल्या चादरी गहाण टाकते. आणि मग गहाणदाराच्या कोठारातल्या उंचच उंच फळ्यांवर शहरातल्या असंख्य घरांतल्या चादरींची गाठोडी रचलेली दिसतात. भाषण नाही, घोषणा नाही. आकडेवारी द्यायची असेल तर ती अशी द्यावी! त्या बेकाराचे काम करणारा माणूसही व्यवसायाने नट नव्हता, कारखान्यातला कामगार होता. 'दो बिघा जमीन'मध्ये मात्र बलराज साहनी होते : लाहोरला शिकलेले, काही काळ लंडनच्या बीबीसीत काम केलेले. असा साहेबी माणूस शंभू कसा शोभणार, ही शंका अनेकांना होती. त्यांनी जोगेश्वरीच्या गवळीवाड्यांत जाऊन उत्तर भारतीय भय्यांचे बसणे-उठणे न्याहाळले आणि कलकत्त्यात प्रत्यक्ष रिक्षा ओढली. साहनींनी स्वतः लिहून ठेवले आहे की तिथे एका उतारवयाच्या रिक्षावाल्याने चित्रपटाची कथा ऐकली आणि ही तर आपलीच कथा असे सांगून तो रडू लागला. त्याचीही दोन बिघे जमीन जमीनदाराकडे अडकलेली होती आणि ती सोडविण्यासाठी तो वर्षानुवर्षे रिक्षा ओढत होता. त्या भेटीनंतर साहनींनी अभिनयाच्या सिद्धांतांची चिंता सोडली.

मास्तरांनी इथे दुसरा पवित्रा घेतला. आपली गोष्ट पडद्यावर आली म्हणून ती आठवते, एवढेच जर असेल, तर गिरणी कामगारांवरचा 'लालबाग परळ' हा २०१० चा चित्रपट मित्राला सर्वांत अधिक आठवायला हवा. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकावरून तो घेतलेला, संपानंतरच्या घरांची ती कथा. साचेवाल्याने तो पाहिलाही होता. पण त्याचे म्हणणे पडले की आपलेच घर पडद्यावर दिसले की माणूस चुका शोधत बसतो. आमच्या खोलीत असे भांडे नव्हते, आमची आई असे बोलत नसे. हा त्या चित्रपटावर अन्याय आहे हे खरे, पण आठवण न्यायनिष्ठुर नसते. दुसऱ्याच्या घरात शिरलो आणि काही वर्षांनी ते आपलेच निघाले, असे व्हावे लागते.

आणि तसे झाले होते. १९६० नंतरच्या त्या गणपतीत शंभू म्हणजे त्याला आपला बाप वाटला होता. रिणापायी चार कलमे गमावलेला. गिरणी ही त्या वेळी सुटकेची जागा होती. चित्रपटाच्या शेवटी शंभूच्या जमिनीवर गिरणीचे बांधकाम उभे राहते, तेव्हा विशीतल्या या साचेवाल्याला त्याचा अर्थच लागला नाही. गिरणी वाईट कशी? गिरणीचा भोंगा वाजला की इथे चूल पेटते. पुढे १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या संपाची रीतसर समाप्ती कधी झालीच नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे सुचविले : एक पालिकेच्या मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरबांधणीसाठी, एक मालकासाठी. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी केवळ मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. जिथे बांधकामे होती तिथे वाटण्यासारखे फारसे राहिले नाही. शंभूच्या शेतावर गिरणी आली आणि गिरणीवर मॉल आला. हा मित्र एकदा आपल्या जुन्या गिरणीच्या जागी गेला असता, गणवेशातल्या पहारेकऱ्याने त्याला आत काय काम आहे म्हणून हटकले. तो पहारेकरी उद्धट नव्हता, हे त्याने मुद्दाम सांगितले. तरुण होता, बिहारकडचा असावा. त्या क्षणी त्याला तो चित्रपट आठवला, आणि त्याचा शेवट वीस नव्हे, चाळीस वर्षांनी कळला.

मात्र त्या शेवटाविषयीच दोघांचे पटेना. कुंपणाबाहेर उभा असलेला शंभू आपल्या गेलेल्या जमिनीतली मूठभर माती उचलतो, पहारेकरी हटकतो, इथवर दोघांचे एकमत. साचेवाला ठामपणे सांगे की शंभू ती माती मुठीत घेऊन निघून जातो. मास्तर म्हणत, छे, त्याला ती टाकावी लागते. "तू मागून बघितलास, म्हणून तुला उलटं दिसलं," असा टोलाही मास्तरांनी हाणला. जाता जाता मास्तरांनी तुकोबांचीही बाजू लढविली. परंपरा सांगते की तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवून कुळांना मोकळे केले. तेव्हा दोन्ही चित्रपटांच्या मुळाशी कर्जाचा कागदच आहे. एका ठिकाणी तो बुडविणारा भेटला, दुसऱ्या ठिकाणी भेटला नाही. हे मात्र साचेवाल्याने मान्य केले.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. श्याम बेनेगल यांच्या १९७६ च्या 'मंथन'ला गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन भांडवल पुरविले आणि आपला सिनेमा पाहायला ते मोटारी भरभरून गेले. सहकारातून चित्रपट होऊ शकतो हे त्या दहा लाख रुपयांनी सिद्ध केले. अडीच लाख गिरणी कामगारांच्या संघटनांपैकी एकीलाही असे सुचले नाही, याचा विचार आपल्या चळवळीने स्वतःच्या मनाशी करावा. मोर्चे काढले, पत्रके काढली. आपली आठवण मात्र इतरांच्या हाती सोपविली.

शेवटी नातवाने वाद मिटविला. एका दुपारी त्याने मोबाइलवर चित्रपट लावून दिला आणि दोघे म्हातारे चष्मे सावरीत तळहाताएवढ्या पडद्याकडे पाहत बसले. शेवट आला. शंभूने माती उचलली, पहारेकऱ्याने हटकले आणि शंभूची मूठ उघडली. माती खाली पडली. मास्तर बरोबर होते. पण त्यांनी तसे म्हटले नाही.

साचेवाला बराच वेळ गप्प होता. मग त्याने मुलाला चित्रपट पुन्हा सुरुवातीला न्यायला सांगितले, त्या ६५ रुपयांच्या हिशेबापर्यंत. तो प्रसंग त्याने नीट पाहिला. नंतर आत जाऊन त्याने पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकची एक पिशवी आणली. तीत गिरणीचे तिकीट, भविष्यनिर्वाह निधीची पावती आणि विमा योजनेचे कार्ड होते. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ साली निघाली, तेव्हापासून त्याचा अर्ज पडून होता, कारण दोन कागदांवर त्याचे नाव दोन प्रकारे लिहिलेले होते आणि इतक्या वर्षांनी काय होणार म्हणून त्याने तो नाद सोडला होता. त्याने पिशवी मास्तरांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "मास्तर, अर्ज परत भर. अक्षर तुझं चांगलं आहे."

मास्तरांनी नातवाकडे पेन मागितले.