भाड्याची रजई



जुन्या दिल्लीत, जामा मशिदीच्या आसपास, थंडीच्या दिवसांत रजया भाड्याने मिळतात. थोडे पैसे टेकवायचे, रात्रीपुरती रजई घ्यायची, सकाळी परत करायची. मी पहिल्यांदा हे पाहिलं, तेव्हा एका हातगाडीवाल्याने रजई उचलली, नाकाशी नेली, परत ठेवली आणि ढिगातली दुसरी ओढून घेतली. फुटपाथवर झोपणारा हा माणूस पांघरूण पारखून घेत होता. निवाराही तो तसाच पारखतो.

दरवर्षी साधारण 15 नोव्हेंबर ते 15 मार्च या काळात दिल्ली शहरी निवारा सुधार मंडळ जादा तंबू उभारतं. कायमचे रैन बसेरे, म्हणजे रात्रनिवारे, आहेतच, त्यांत ही भर. राहायला पैसे पडत नाहीत. रात्री गाड्या फिरतात, उघड्यावर काकडणाऱ्यांना निवाऱ्यात आणतात. हे काम मोलाचं आहे. तरीही कितीतरी लोक बाहेरच दिसतात आणि पाहणारा म्हणतो, ‘‘यांना यायचंच नसतं.’’ हे वाक्य मला फार लागतं.

सायकलरिक्षावाला रिक्षाच्या सीटवरच अंगाचं मुटकुळं करून झोपतो, कारण रिक्षा मालकाची असते. चोरीला गेली तर भरपाई याच्याच माथी. हिवाळा म्हणजे लग्नसराई. पंगतीत वाढप्याचं, भांडी घासायचं काम करून पोरं रात्री दोन वाजता परततात, तोवर आत जागा उरलेली नसते. जोडपं असेल तर बऱ्याचदा नवरा एका निवाऱ्यात, बायको दुसऱ्यात. पहाटे मजूर नाक्यावर उभं राहायचं, तर तीन-चार किलोमीटरवरचा तंबू काय कामाचा? गेला दिवस, गेली मजुरी. या माणसांचा हिशेब चोख असतो. चुकतो तो तंबूची जागा ठरवणाऱ्यांचा.

डिसेंबर 2009 मध्ये दिल्लीत पुसा रोडच्या चौकातला तात्पुरता निवारा महापालिकेने ऐन थंडीत हटवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जानेवारी 2010 पासून न्यायालयाने एकामागून एक आदेश दिले आणि मोठ्या शहरांसाठी दंडक ठरला: लाख लोकवस्तीमागे शंभर जणांचा एक निवारा, तोही वर्षभर, चोवीस तास. त्यातल्या ‘वर्षभर’ या शब्दावर मी अडून बसेन. मार्चमध्ये तंबू उतरतो, त्यात झोपणारा माणूस त्याच शहरात राहतो. पुढे दिल्लीचा उन्हाळा असतो, मग पाऊस.

हे दिल्लीचं म्हणून सोडून देऊ नका. नागपुरात 29 डिसेंबर 2018 रोजी पारा 3.5 अंशांवर उतरला होता. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या शहरांतच लाखाहून अधिक बेघर मोजले गेले. आपल्याकडच्या महापालिकांचीही निवारा केंद्रं आहेत. पण एसटी स्टँडच्या कट्ट्यावर पोतं पांघरून पडलेल्या म्हाताऱ्याला त्यांचा पत्ता कोण सांगणार?

म्हणून एक विनंती. आपल्या गावचं निवारा केंद्र कुठे आहे, रात्री किती वाजेपर्यंत आत घेतात, बायका-मुलांची सोय आहे का, हे उद्याच विचारून ठेवा. आणि थंडीत कुणी उघड्यावर दिसलं, तर नुसता पत्ता सांगू नका, दारापर्यंत सोबत जा.