तबकडीचा वेग, माणसाचा आवाज



जुन्या वाड्यांची पाडापाडी सुरू झाली की माळ्यावरच्या पेट्या खाली येतात. आमच्या धारूरलाही येतात. एखाद्या पेटीत तांब्याची भांडी निघतात, एखादीत मोडी किंवा उर्दू कागद आणि एखादीत गाण्याच्या तबकड्या. भांडी मोडीत जातात, कागद कुणीतरी मागून नेतं. तबकड्यांचं काय करायचं हे मात्र घरात कुणालाच कळत नाही. अलीकडे नवे रेकॉर्ड प्लेअर पुन्हा विकत मिळू लागले आहेत. घरातला हौशी मुलगा तो आणतो, तबकडी ठेवतो आणि गाणारी बाई लहान पोरीसारखी चिरकू लागते, नाहीतर गवई झोपेत बरळल्यासारखा वाटतो. "खराब झाली" म्हणून तबकडी फेकली जाते. खरं तर बऱ्याचदा तबकडी चांगली असते, वेग चुकलेला असतो. आज त्या वेगाविषयी बोलावं म्हणतो.

तबकडी मिनिटाला किती फेरे घेते, तो तिचा वेग. मुख्य वेग तीन: 78, 45 आणि 33⅓.

यांत सर्वांत थोरली 78 ची. ही लाखेची. बांगड्यांना आणि टपालाच्या मोहोरेला जी लाख लागते तीच, त्यात दगडाची बारीक भुकटी मिसळलेली. म्हणून ती जड, कडक आणि हातातून पडली की फुटणारी. भुकटीमुळे पोलादी सुई झिजत असे, म्हणून दर बाजूला नवी सुई लावायची. आपल्याकडे 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आले आणि त्यांनी गौहरजान यांचं गाणं मुद्रित केलं. तबकड्या तयार होत जर्मनीतल्या हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना आवाज कुणाचा हे कळावं म्हणून गौहरजान गाणं संपताना इंग्रजीत आपलं नाव सांगत. 1908 साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला आणि तबकड्या इथंच होऊ लागल्या.

दहा इंची 78 च्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावत. मिरजेला स्थायिक झालेले किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब 1937 मध्ये वारले. त्यांच्या तबकड्या ऐका. मैफलीत तासभर चालणारा राग तेवढ्या वेळात मांडायचा, म्हणजे आलाप किती, बोल किती, तान कुठे, हे आधी मनात पक्कं हवं. आम्हा गझल लिहिणाऱ्यांना ही अडचण चांगली समजते. सात-आठ शेरांची गझल, तबकडीवर तीन-चारच शेर मावणार, मग कुठले गाळायचे? सिनेमाच्या गाण्याची एक मुखडा आणि दोन-तीन अंतऱ्यांची चाकोरी पडली, तिच्यातही या तीन मिनिटांचा वाटा आहे.

1948 मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीनं 33⅓ ची लाँग प्ले काढली आणि पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरनं सात इंची 45 ची. या विनाइलच्या, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकच्या. लाँग प्लेच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावू लागली. निव्वळ वेग कमी करून हे साधलं नाही. हिशेब करून पाहा. 78 ची तबकडी सव्वातीन मिनिटांत अडीचशे फेरे घेते. लाँग प्ले बावीस मिनिटांत सव्वासातशेच्या वर फेरे घेते. एवढे फेरे बसवायचे तर चरे फार बारीक हवेत. विनाइल गुळगुळीत असल्यानं ते जमलं.

आपल्या देशात मात्र 78 चा मुक्काम लांबला. इंग्लंडात ती बंद पडली तरी इथं निघतच होती. बीटल्स या विलायती मंडळींची गाणी 1960 च्या दशकात भारतात 78 वर निघाली, हे ऐकून परदेशातले संग्राहक आजही चकित होतात. आपल्याला त्यात नवल नाही. खेडोपाडी वीज उशिरा आली आणि चावीच्या ग्रामोफोनला वीज लागत नव्हती. माझ्या लहानपणी आमच्या बालाघाटात लग्नाच्या मांडवात नाहीतर उरुसात भोंगा बांधला की 'शोले'चे संवाद लागायचे, मग कव्वाली, मग लोकगीतं. स्पीकरवाला प्रत्येक तबकडीचं लेबल वाचून वेगाचा खटका सरकवायचा. शाळा फारशी न शिकलेल्या त्या माणसाला हे ज्ञान होतं.

वेग चुकला की सूर बदलतो. 33⅓ ची तबकडी 45 वर लावली तर षड्ज उडी मारून शुद्ध मध्यमाच्याही किंचित वर जातो. 78 ची 33⅓ वर लावली तर आवाज सप्तकाहून अधिक खाली येतो. शिवाय विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या तबकड्या नेमक्या 78 वर मुद्रित झालेल्या नाहीत. कुणी सत्तरच्या आसपास, कुणी ऐंशीच्या. अशा तबकडीतली पेटी आजच्या पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी वाजत असेल, तर वेगाविषयी शंका घ्यायला जागा आहे. आज अशा तबकड्या घाईघाईनं मोबाइलमध्ये उतरवल्या जातात. मूळ फुटली आणि चुकीच्या वेगाची नक्कल उरली, तर पुढची पिढी त्या माणसाला कायमची परक्या आवाजात ऐकेल.

केसरबाई केरकर यांचं उदाहरण सांगतो. गोव्यातल्या केरी गावच्या या गायिकेची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवर अंतराळात गेली. ती ज्या सोन्याच्या मुलाम्याच्या तांब्याच्या तबकडीवर आहे तिचा वेग 16⅔, म्हणजे लाँग प्लेच्या निम्मा. तिच्या वेष्टणावर आकृत्या कोरल्या आहेत. सुई कुठं ठेवायची आणि एका फेऱ्याला किती वेळ लागला पाहिजे, तेही हायड्रोजनच्या अणूच्या मोजमापात. परग्रहावरच्या कुणाला केसरबाईंचा आवाज चुकीचा ऐकू येऊ नये, एवढी काळजी.

आपल्या पेटीतल्या तबकडीची काळजी त्याहून सोपी आहे. लेबल वाचा. जड आणि कडक असेल तर बहुधा 78 ची. तिला स्पिरिट लावू नका, लाख त्यात विरघळते. लाँग प्लेची बारीक सुई तिच्या रुंद चरीत तळाशी घासते, म्हणून 78 साठी वेगळी, सुमारे तिप्पट जाड सुई हवी. आणि पोलादी सुई विनाइलवर एकदा जरी फिरली तरी ती तबकडी संपली. तबकड्या एकावर एक न रचता उभ्या ठेवा. नक्कल कराल तेव्हा गाणाऱ्याचं नाव, तबकडीचा क्रमांक आणि ठेवलेला वेग, तिन्ही लिहून ठेवा.

लेबलाचा कागद आधी जातो, आवाज नंतर. तो कागद शाबूत आहे तोवर पेटी उघडून पाहा, एवढंच सांगतो.